उन्हाळ्यात नवीन बारमध्ये गेल्यावर कोणतं कॉकटेल मागवावं?

बार नवीन असेल तर आधी डायकिरी. पांढरी रम, ताज्या लिंबाचा रस, साखरेचा पाक, बस्स. लपवायला काही नसल्यामुळे बारटेंडरचा हात लगेच कळतो. (मेन्यूतल्या धुराच्या करामती नंतर बघू.)

हलकं हवं असेल तर अ‍ॅपेरॉल स्प्रिट्झ: ३ भाग प्रोसेको (इटलीची फसफसणारी वाइन), २ भाग अ‍ॅपेरॉल (संत्र्याच्या चवीचं, किंचित कडवट इटालियन लिकर), १ भाग सोडा. अ‍ॅपेरॉलमध्ये अल्कोहोल साधारण ११ टक्केच असतं. टकीला आवडत असेल तर मेक्सिकोची पालोमा. ग्रेपफ्रूटचा कडवटपणा आणि ग्लासच्या कडेचं मीठ उन्हाळ्यात फारच छान लागतं.

मोहितो सगळीकडे मिळतो, पण पुदिन्याचा चेचून लगदा केला की कडू होतो. पानं नुसती हलकेच दाबायची असतात. आणि बर्फ कमी घालायला सांगू नका. थोडा बर्फ भराभर वितळतो आणि पेय पाणचट होतं.