नवा फिटनेस बँड घेतला ना भाऊ, मग हे वाचून घे

बँड घेतला की पहिला आठवडा सगळेच दर पाच मिनिटाला मनगट बघून राहतात, मग चार्जिंग संपते अन् तो जातो ड्रॉवरमध्ये. म्हणून आधी ठरव की तुला त्यातून पाहायचं काय आहे, पावलं का झोप का नाडी, सगळंच एकदम नको. अन् ते १०,००० पावलांचं डोक्यातून काढ, तो आकडा काही डॉक्टरनं दिलेला नाही, १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला काढला होता तो. तू आधी साधा आठवडाभर नेहमीसारखा वाग, तुझी रोजची पावलं किती होतात ते बघ अन् त्यात थोडी थोडी वाढव.

बँड मोजते हाताची हालचाल, त्यामुळे खड्ड्यातून गाडी नेली की कधी कधी बसल्या बसल्या पावलं वाढतात, अन् आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावावर खिशात हात घालून फिरला तर कमी पडतात! नाडी मागच्या हिरव्या लाईटनं मोजते, कातडीखालचं रक्त कसं कमीजास्त होते त्यावरून, म्हणून पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर अन् बरोबर टाईट पाहिजे, ढिला असला की आकडा कुठंही उडते. आपल्या मे महिन्यात घाम इतका की पट्टा रोज धुवून कोरडा कर, नाहीतर रॅश येते. उन्हात नाडी तशीही वाढते, घाबरू नको, पण छातीत दुखलं तर बँड काय म्हणते ते बघत बसायचं नाही बे, सरळ डॉक्टर.