नागपुरात नदीच्या मरळीत अळ्या सापडतात, तळ्यातल्या रोहूत सहसा नाही. प्रत्येक ठिकाणी माशांतले परजीवी वेगळे का?

कारण परजीवी नुसत्या माशावर जगत नाहीत, आसपासची सगळी साखळी लागते. मरळ चिरताना मांसात ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळी गाठ दिसते ना, ती बहुधा क्लिनोस्टोमम या चपट्या परजीवी कृमीची अळी. हा आधी गोगलगायीत वाढतो, मग माशात शिरतो आणि बगळ्याने मासा गिळला की त्याच्या घशात प्रौढ होतो. तिघांपैकी एक जरी नसला तरी साखळी तुटते. म्हणून पाणवनस्पतींनी भरलेल्या, बगळे उतरणाऱ्या काठाला तो जास्त, वाहत्या खडकाळ पाण्यात कमी.

खाणंही महत्त्वाचं. मरळ छोटे मासे खाते, त्यांच्यातल्या काही प्रकारच्या परजीवींच्या (क्लिनोस्टोममच्या नव्हे) अळ्या तिच्यात साठतात. रोहू शेवाळ, वनस्पती खातो, त्यामुळे त्याच्यात असे परजीवी कमी.

शेततळ्यात मात्र उलटं चित्र. अर्ग्युलस, म्हणजे माशाची ऊ, हिला दुसरा यजमान लागतच नाही. दाटी असली की झपाट्याने पसरते, आणि मत्स्यबीजाबरोबर एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यातही जाते. बीज सोडण्याआधी पर आणि खवले नीट बघाच.

मासा पूर्ण शिजवला की अळ्या मरतात, अर्धा कच्चा खाऊ नका.