हायरॉक्सची पहिली तयारी: थकलेल्या पायांनी पळायला शीक

वजनं वाढवायची घाई सोड. हायरॉक्स या फिटनेस शर्यतीत १ किलोमीटर धाव आणि मग एक स्टेशन, म्हणजे एक ठरलेला व्यायाम, असं ८ वेळा येतं. म्हणजे ८ किलोमीटर नुसतं पळणंच आहे. आठवड्यातलं बहुतेक पळणं गप्पा मारता येतील इतक्या सावकाश वेगाने कर. खरा कस लागतो तो स्लेड, म्हणजे वजन लादलेली घसरगाडी, ढकलून झाल्यावर. मांड्या भरून येतात, धाप लागते आणि तसंच पुढे धावायचं असतं! म्हणून आठवड्यातून एकदा स्लेड किंवा लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत चालणं) झाल्या झाल्या, न थांबता १ किलोमीटर पळ. हा सराव मला सगळ्यात मोलाचा वाटतो. शर्यतीत पहिला किलोमीटर मुद्दाम हळू घे. शेवटचे वॉल बॉल्स (जड चेंडू भिंतीवर उंच फेकणं) हात गळेपर्यंत सलग मारू नकोस, किती फेकल्यावर थांबायचं ते छोटे गट आधीच ठरव. हातांच्या पकडीच्या ताकदीकडेही लक्ष दे.