फायनल न खेळलेला ब्लाँ मोठा का, आणि कोच म्हणून तो कसा होता?

तुमचा प्रश्न असा की लॉराँ ब्लाँ १९९८ च्या वर्ल्डकप फायनलला मैदानातच नव्हता, मग फ्रान्सच्या सर्वोत्तम बचावपटूंत त्याचं नाव का घेतात, आणि कोच म्हणून तो कमी पडला का. मी कोल्हापुरात पेठेच्या टीमकडून बरीच वर्षं स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळलोय. त्या जागेवर घाई न करता कसं उभं राहायचं, हे ब्लाँला टीव्हीवर बघून शिकलो.

ब्लाँ मुळात स्टॉपर नव्हताच. माँपेलिए या फ्रेंच क्लबकडून तो अटॅकिंग मिडफिल्डर म्हणून सुरू झाला, भरपूर गोल केले, आणि नंतर त्याला मागे आणलं. त्याच्या खेळाचं मर्म इथेच आहे. आमच्यासारखा स्टॉपर बॉल मिळाला की आधी लांब भिरकावतो. ब्लाँ थांबायचा, मान वर करायचा, मग पास द्यायचा. पायात वेग नव्हता, पण समोरचा बॉल कुठे टाकणार हे त्याला आधीच कळायचं, त्यामुळे पळापळीची वेळच कमी यायची. फ्रान्ससाठी ९७ सामन्यांत १६ गोल, हे स्टॉपरसाठी फार आहेत.

त्यातला सर्वात मोलाचा गोल २८ जून १९९८ चा, लाँसमध्ये, पॅराग्वेविरुद्ध. झिदान निलंबित होता. पॅराग्वेचा गोलकीपर चिलावर्ट काही आत जाऊ देत नव्हता. ९० मिनिटं ०-०. तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता, जादा वेळेत पहिला गोल पडला की सामना तिथेच संपला. पेनल्टी शूटआउटला सहा-सात मिनिटं उरली असताना ब्लाँ आपली जागा सोडून पुढे पेनल्टी बॉक्समध्ये उभा होता. पिरेसने उजवीकडून क्रॉस टाकला, त्रेझेगेने हेडरने बॉल खाली उतरवला आणि ब्लाँने उजव्या पायाने तो आत मारला. वर्ल्डकपमधला पहिला गोल्डन गोल! पॅराग्वेचे खेळाडू गवतावर पडले होते आणि चिलावर्ट एकेकाला उठवत फिरत होता. आमच्या घरात तेव्हा कोणी बोलत नव्हतं.

सेमीफायनलला क्रोएशियाच्या बिलिचशी फ्री किकच्या वेळी झटापट झाली. ब्लाँचा हात हनुवटीपाशी लागला, बिलिच कपाळ धरून खाली पडला, आणि ब्लाँला रेड कार्ड, म्हणून फायनलला बंदी. माझ्या मते तो अन्यायच होता. फायनलला त्याच्या जागी लबफ खेळला, आणि छान खेळला. पण फ्रान्सने सात सामन्यांत फक्त दोन गोल खाल्ले, आणि सेमीफायनलपर्यंतच्या त्या बचावात दुसरा स्टॉपर देसायीच्या शेजारी ब्लाँ होता. दोन वर्षांनी युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची, फायनल तो खेळला आणि जिंकला.

आता कोच. बोर्दो या क्लबला २००८-०९ मध्ये शेवटचे ११ सामने सलग जिंकून त्याने फ्रान्सची लीग मिळवून दिली आणि लियाँची सलग सात विजेतेपदांची साखळी तोडली. २०१० च्या वर्ल्डकपमध्ये फ्रान्सच्या खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला होता. त्यानंतर ब्लाँने राष्ट्रीय संघ हाती घेतला, तेव्हा पहिल्या सामन्यासाठी त्या संघातले सगळे २३ जण बाहेर ठेवले गेले. तो सामना नॉर्वेशी हरला, पुढचा बेलारूसशीही, पण त्यानंतर संघ सलग २३ सामने अपराजित राहिला.

पॅरिस सां-जर्मांमध्ये तीन मोसमांत तीन लीग, त्यातल्या दोन मोसमांत देशातल्या चारही ट्रॉफ्या. चॅम्पियन्स लीगमध्ये मात्र तिन्ही वेळा क्वार्टरफायनलला गाडी अडली. चेल्सी, बार्सिलोना, मग २०१६ मध्ये मँचेस्टर सिटी. सिटीविरुद्धच्या दोन सामन्यांतल्या दुसऱ्या सामन्यात त्याने नेहमीची रचना मोडून मागे तीन स्टॉपर ठेवले, टीम गोंधळली, ०-१ ने हरली आणि त्याची नोकरी गेली. तो निर्णय मला आजही पटत नाही. पण एका रात्रीवरून त्याला अपयशी म्हणायला मी तयार नाही. सौदीत अल-इत्तिहादला २०२४-२५ ची लीग आणि किंग्ज कप दोन्ही त्यानेच जिंकून दिले.