नवीन लायसन्स, पॉवरफुल गाडी

प्रश्न : माझा भाचा मेलबर्नला असतो, त्याला म्हणे नवीन लायसन्सवर टर्बो गाडी चालवू देत नाहीत. इकडे माझा मुलगा आत्ताच १८ चा झालाय, टर्बोच हवी म्हणून हटून बसलाय. आपल्याकडे असा नियम आहे का?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, थोडा गैरसमज आहे. तिकडे टर्बोवर (म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणाऱ्या गाडीवर) सरसकट बंदी नाही, व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, गाडीची ताकद वजनाच्या मानाने बघतात, दर टनाला १३० किलोवॅटच्या वर गेली की पी-प्लेटवाल्याला (गाडीवर 'पी' पाटी लावणाऱ्या नव्या लायसन्सवाल्याला) सहसा चालत नाही. म्हणजे दीड टनाची २०० किलोवॅटची गाडी (टनाला १३३) बाद, पण आपल्याकडची साधारण १२० पीएसची (अश्वशक्तीची) छोटी टर्बो म्हणजे ८८ किलोवॅट, टनभर वजनाची धरली तरी ती आरामात बसते. इंजिनात बदल करून पॉवर वाढवलेली मात्र चालत नाही.

आपल्याकडे कारला असं काहीच बंधन नाही हो, पक्कं लायसन्स हातात आलं की कुठलीही कार चालवा, आणि मला हे अजिबात पटत नाही. रात्री रिकामा पाम बीच रोड दिसला की नव्या पोराचा पाय आपोआप दाबला जातो. पहिलं वर्षभर घरातली साधी गाडीच द्या, तीही तुम्ही शेजारी बसून, आणि रात्रीची चावी तुमच्याकडेच ठेवा.