शटर आधी, फ्लॅश नंतर

वाचकांचे प्रश्न : छायाचित्रण

गेल्या अंकात जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांवर (खिडकीत दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्यांवर) लेख आला आणि त्यावर सगळ्यात जास्त विचारणा झाली ती फ्लॅशची. बरेच प्रश्न एकसारखे होते, म्हणून काही एकत्र करून घेतले आहेत.

प्रश्न : आजोबांचा यशिका इलेक्ट्रो 35 जीएसएन हाती आला आहे आणि चालूही आहे. घरच्या लग्नात वापरायचा विचार आहे. दुकानदार म्हणतात, गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) 60 चा मोठा फ्लॅश घ्या. एवढा लागतो काय?
— शहापूर, बेळगाव

उत्तर : लागत नाही, आणि शोभतही नाही. हॉट शू, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच, बारीक स्क्रूंवर बसलेला असतो. त्यावर चार सेलांचा उंच फ्लॅश चढवला की कॅमेरा पुढे झुकतो आणि महिन्याभरात शू हलायला लागतो. आणि तो 60 चा आकडाही जपून वाचा. आजच्या झूम फ्लॅशवर छापलेला गाइड नंबर बहुधा 200 मिमीच्या झूमवरचा असतो. तुमची लेन्स 45 मिमीची. तेवढ्या रुंदीला झूम मागे आणला की आकडा खूपच खाली येतो. विकत घेताना विचारायचं ते एवढंच : 35 मिमीला, आयएसओ (फिल्मचा वेग) 100 ला, मीटरमध्ये किती? काही जुन्या फ्लॅशवर आकडा फुटांत असतो, त्याला 3.3 ने भागा.

गाइड नंबर म्हणजे अंतर गुणिले ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा एफ आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान). 20 चा फ्लॅश असेल आणि माणूस अडीच मीटरवर असेल तर आयएसओ 100 ला एफ 8. फिल्म 400 ची घातली की गाइड नंबर दुप्पट, म्हणजे 40 होतो. मग एफ 8 ला पाच मीटर आणि एफ 5.6 ला सात मीटर. लग्नात याहून लांबचं काय घेणार? म्हणून 35 मिमीला 18 ते 25 च्या दरम्यानचा फ्लॅश पुरतो.

ताकदीपेक्षा महत्त्वाचा आहे तो फ्लॅशच्या तोंडावरचा डोळा. जुन्या ‘ऑटो’ फ्लॅशवर पुढच्या बाजूला एक बारीक सेन्सर असतो. माणसावरून परत आलेला प्रकाश तो मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडतो. यात कॅमेऱ्याला काहीच कळावं लागत नाही, म्हणूनच रेंजफाइंडरशी त्याचं जमतं. त्याउलट चार-पाच पिनांचा, अमुक कंपनीच्या डिजिटलसाठी बनवलेला टीटीएल (कॅमेऱ्याने लेन्समधून प्रकाश मोजायचा) फ्लॅश तुमच्या कॅमेऱ्यावर मुका राहतो. मधली पिन लागून तो पेटेल, पण मोजणार काहीच नाही. घ्यायचा तर एकच मधली पिन असलेला, ऑटोत निदान दोन ॲपर्चर देणारा आणि साध्या एए सेलवर चालणारा घ्या. जुन्यात नॅशनल, सनपॅक, व्हिविटार यांचे अजून सापडतात. नव्यात गोडॉक्स लक्स ज्युनिअर दिसायला गोड आणि हलका आहे, पण गाइड नंबर 12 च. घरातल्या बैठकीला ठीक, हॉलमधल्या ग्रुप फोटोला अपुरा.

वापरायची रीत अशी. फ्लॅशच्या चकतीवर फिल्मचा आयएसओ लावा. ऑटोचा एक रंग निवडा. त्या रंगासमोर जो एफ आकडा दिसेल तो लेन्सवर लावा. शेजारी दिलेलं कमीत कमी आणि जास्तीत जास्त अंतर बघा आणि शटरची कडी फ्लॅशच्या खुणेवर आणा. इलेक्ट्रोत त्या खुणेवर शटर 1/30 सेकंदाला बांधलं जातं, बदलता येत नाही. मांडवात हॅलोजन लख्ख असतील तर 1/30 मध्ये तो प्रकाशही फिल्मवर उतरतो. अक्षता टाकणारा हात दोनदा दिसतो, एक ठसठशीत आणि एक धुरकट. त्यावर उपाय म्हणजे मोठा एफ आकडा देणारा ऑटो रंग निवडायचा. एफ 5.6 ऐवजी एफ 8 केलं की हॅलोजनचा वाटा निम्मा होतो आणि फ्लॅश आपला वाटा आपोआप वाढवतो.

डोळा फसतो तो दोन ठिकाणी. नवरदेवाचा पांढरा फेटा आणि पांढरा सदरा चौकटभर असेल तर फोटो काळपट येतो, अर्धा ते एक स्टॉप उघडा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). रात्री उघड्या अंगणात मागे काहीच नसेल तर उलटं होतं. काळोखातून काही परत येत नाही, म्हणून डोळा जास्त प्रकाश सोडतो आणि चेहरे खडूसारखे होतात. तिथे ऑटो बंद करून गाइड नंबरचा हिशेब करा. अंतर कुठून आणायचं? फोकस केल्यावर लेन्सच्या कडीवर ते लिहिलेलंच असतं.

प्रश्न : झॉर्की 4 ला फ्लॅश लावला. अर्धा फोटो बरोबर आणि अर्धा काळा, रेघ मारल्यासारखा. फ्लॅश खराब की कॅमेरा?
— खानापूर

उत्तर : दोन्ही ठीक असावेत, वेग चुकला आहे. झॉर्कीत कापडी पडद्याचं शटर आहे. दोन पडदे फिल्मसमोरून आडवे सरकतात. वेग जास्त असला की पहिला पडदा टोकाला पोचण्याआधीच दुसरा निघतो, त्यामुळे पूर्ण चौकट एका क्षणी कधीच उघडी नसते. फ्लॅश तर सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो. झॉर्की 4 ला 1/30 किंवा त्याहून संथ वेग ठेवा. जुन्या लायका एम कॅमेऱ्यांना 1/50, आणि उभ्या धातूच्या पडद्याच्या बेसा आर ला 1/125 चालतं. झॉर्कीत आधी फिल्म पुढे ओढायची आणि मगच वेगाची चकती फिरवायची हे विसरू नका. उलट केलं तर आतली यंत्रणा बिघडते.

फिल्म घालण्याआधी खात्री करून घेता येते. मागचं झाकण काढा, लेन्स पूर्ण उघडी ठेवा आणि कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे रोखून मागून बघत फ्लॅश पेटवा. पूर्ण आयत उजळलेला दिसला तर वेग बरोबर, फक्त पट्टी दिसली तर अजून संथ करा. लेन्समध्येच पाकळ्यांचं शटर असलेल्या कॅमेऱ्यांवर, म्हणजे यशिका, कॅनोनेट, हाय-मॅटिकवर, पूर्ण गोल दिसायला हवा. तिथे काहीच दिसलं नाही तर एम-एक्स असा खटका आहे का बघा. एम ही खूण जुन्या एकदाच जळणाऱ्या बल्बसाठी आहे. बल्ब पेटायला वेळ घेतो, म्हणून एम वर विजेची जोडणी शटर उघडायच्या आधीच होते आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅश बंद शटरवर पेटून जातो. खटका कायम एक्स वर.

झॉर्कीचा शू ‘थंड’ आहे, त्यात वीज नाही. जोडणी बाजूच्या गोल पीसी सॉकेटातून वायरने करायची. फ्लॅशच्या पायाला मधली पिन असेल तर ती शूच्या धातूला टेकून शॉर्ट होते आणि फ्लॅश सरकवताच पेटतो किंवा अजिबात पेटत नाही. शूच्या तळाला इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा. पेटत नसेल तर पहिला संशय वायरवर घ्या. ती फ्लॅशपासून सोडवून मल्टिमीटरने तपासा. दहापैकी सात वेळा दोष टोकाजवळच्या तुटलेल्या तारेत सापडतो.

प्रश्न : बंद पडलेल्या स्टुडिओतला जुना व्हिविटार 283 स्वस्तात मिळतो आहे. माझ्याकडे डिजिटल रेंजफाइंडर आहे. लावू काय?
— निपाणी

उत्तर : मोजल्याशिवाय लावू नका. जुन्या फ्लॅशच्या पायावर 200 व्होल्ट आणि त्याहून जास्त दाब सापडतो. यांत्रिक कॅमेऱ्यात तिथे फक्त पितळेची दोन पातं असतात, ती सोसतात. डिजिटलमध्ये तिथे इलेक्ट्रॉनिक स्विच असतो आणि तो जळतो. 283 चे सुरुवातीचे जपानी बनावटीचे नग याबाबतीत वाईट, नंतरचे बरेच सौम्य. पण नाव आणि देश वाचून विश्वास ठेवू नका.

फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवा. ताजे सेल घाला, तयार झाल्याचा दिवा लागल्यावर अजून अर्धा मिनिट थांबा. मल्टिमीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर, 600 किंवा 1000 व्होल्टवर, ठेवा. लाल टोक पायाच्या मधल्या पिनेला, काळं टोक पायाच्या कडेच्या धातूला. बोटं दोन्हीकडे लावू नका. मीटर डिजिटल हवा, काट्याचा जुना मीटर स्वतःच वीज ओढून आकडा कमी दाखवतो. 6 व्होल्टच्या आत आलं तर निर्धास्त. 24 पर्यंत आलं तर आधी कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतली मर्यादा बघा. 24 च्या वर गेलं तर डिजिटलला तो फ्लॅश थेट कधीच लावायचा नाही. मध्ये दाब कमी करणारा सेफ-सिंक अडॅप्टर घालता येतो, पण त्याच्या किमतीत बहुधा साधा नवा फ्लॅश येतो. आमच्या मते 283 घ्यावा तो यांत्रिक कॅमेऱ्यासाठीच.

फ्लॅश उघडून ‘आत काय झालंय बघू’ हा नाद नको. आतल्या कॅपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास साठा असतो आणि सेल काढल्यावरही तो टिकतो.

गाइड नंबर खरा किती उरला आहे हे कळायची सोपी युक्ती आहे, त्यासाठी जोडणीच करावी लागत नाही. काळोख्या खोलीत डिजिटल कॅमेरा स्टँडवर ठेवा, आयएसओ 100, शटर एक सेकंद. माणूस दोन मीटरवर. शटर उघडं असताना माणसापासून दोन मीटरवरूनच फ्लॅश हातात धरून त्याचं टेस्ट बटण दाबा. एफ 8 ला चेहरा बरोबर आला तर गाइड नंबर 16. डब्यावर 20 लिहिलं असेल आणि 16 निघाला तर वाईट नाही, जुन्या फ्लॅशचं असंच असतं.

प्रश्न : भर उन्हात चेहऱ्यावरची सावली घालवायला फ्लॅश वापरतात म्हणे. कॅनोनेट बरा की लायका एम?
— टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : या एका कामात कॅनोनेट. आयएसओ 100 ला लख्ख ऊन 1/500 आणि एफ 8 ला बसतं. कॅनोनेटचं शटर 1/500 ला सुद्धा फ्लॅशशी जुळतं. गाइड नंबर 20 असेल तर अडीच मीटरवर फ्लॅश उन्हाच्या बरोबरीला येतो. सावली फक्त हलकी करायची तर एक स्टॉप कमी पुरतो, म्हणजे साडेतीन मीटर. जुन्या एम ला 1/50 च्या वर जाता येत नाही. तेच ऊन 1/50 ला एफ 22 मागतं, आणि त्यावर तोच फ्लॅश एक मीटरभरही पोचत नाही. बहुतेक एम लेन्स तर एफ 16 लाच थांबतात. कॅनोनेटवर ॲपर्चरची कडी ‘ए’ वरून काढायला विसरू नका, नाहीतर कॅमेरा आपल्या मनाचं ॲपर्चर लावतो.

प्रश्न : चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत भंडारा उधळताना फ्लॅशने फोटो काढले. सगळ्या फोटोंवर पांढरे गोल डाग आले. लेन्सला बुरशी आहे काय?
— रायबाग

उत्तर : बुरशी नाही, तो भंडाराच आहे. लेन्सपासून वीतभर अंतरावरचे कण फ्लॅशच्या अगदी जवळ असतात, म्हणून माणसापेक्षा कितीतरी पट उजळतात आणि फोकसबाहेर असल्यामुळे गोल दिसतात. फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर जितका चिकटून, तितके डाग जास्त. रेंजफाइंडर आखूड आणि बुटका, त्यामुळे त्याला हा त्रास अधिक.

पीसी वायर घ्या, फ्लॅश डाव्या हातात धरा आणि दीड-दोन फूट बाजूला, थोडा वर ठेवा. म्हणजे लेन्ससमोरचे कण उजळत नाहीत आणि लांबचा भंडारा बाजूने प्रकाश पडून पिवळा धमक उठतो. यात दुसरा हात गुंततो, म्हणून फोकस आधीच तीन मीटरवर बांधा आणि 35 मिमीच्या लेन्सला एफ 8 ठेवा. साधारण दोन ते पाच मीटरपर्यंत सगळं रेखीव येतं. ऑटो इथे वापरू नका, जवळच्या कणांवरून परत आलेला प्रकाश बघून डोळा फ्लॅश लवकर तोडतो. गाइड नंबर 20, फिल्म 200 ची असेल तर तो 28 होतो. तीन मीटरला एफ 8 आणि एफ 11 च्या मधे, मग एफ 8 च बरा. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावरही हेच लागू. घरी आल्यावर भंडारा ओल्या फडक्याने पुसू नका, आधी ब्लोअरने उडवा. हळद ओली झाली की शूच्या फटीत जाऊन बसते.

प्रश्न : फ्लॅश छताकडे वळवला तरी फोटो काळाच. घर कौलारू आहे.
— जांबोटी

उत्तर : मंगळुरी कौलं आणि काळवंडलेले वासे प्रकाश परत देत नाहीत, जो देतात तो तांबूस. चुन्याची पांढरी भिंत जवळ असेल तर तिच्यावर मारा. पण फ्लॅशचं डोकं वळलं तरी डोळा माणसाकडेच हवा, ज्या फ्लॅशचा डोळाही डोक्याबरोबर वळतो तो ऑटोत यासाठी निकामी. भिंतीवरून जाताना निदान दोन स्टॉप प्रकाश जातो, 400 ची फिल्म घ्या. भिंत निळी-हिरवी असेल तर कृष्णधवल.

प्रश्न : पावसाळाभर फ्लॅश पडून राहिला, आता शिट्टी वाजते पण दिवा लागत नाही.
— कणकुंबी

उत्तर : आधी सेलांची खोली उघडून बघा. अल्कलाइन सेल फुटून पांढरी भुकटी आली असेल तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पत्र्या पुसा, मग स्पिरिटने कोरड्या करा. तुमच्याकडच्या पावसात सेल आत ठेवून कपाट बंद करणं म्हणजे हे होणारच. पत्र्या स्वच्छ असतील तर कॅपॅसिटर सुस्तावला आहे. ताजे सेल घालून पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. दिवा लागला की लगेच न उडवता दहा मिनिटं थांबा, मग एकेक मिनिटाच्या अंतराने पाच-सहा वेळा उडवा. दरवेळी भरायला लागणारा वेळ कमी होत गेला तर फ्लॅश वाचला. दहा मिनिटांत दिवा लागलाच नाही, किंवा फ्लॅश गरम लागला, वास आला, तर सेल काढा आणि नाद सोडा.

पुढच्या खेपेला चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल वापरा. ते 1.2 व्होल्टचे असले तरी फ्लॅश लवकर भरतात. लवकर भरतो म्हणून सलग उडवत सुटू नका, दहा वेळा झालं की दोन मिनिटं थंड होऊ द्या. जून ते सप्टेंबर सेल बाहेर काढून, सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद डब्यात ठेवा आणि महिन्यातून एकदा सेल घालून पूर्ण भरून उडवा.