म्हापशात फुटबॉल खेळतो. गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन सहा महिने दुखतोय. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या, प्लेटलेट्स जास्त असलेल्या प्लाझ्माचं इंजेक्शन) घेऊ का?

आधी 12 आठवडे हळूहळू वजन वाढवत नेणारा व्यायाम फिजिओकडून करून घेतलाय का? नसेल तर इंजेक्शनची घाई नको. या टेंडनसाठी पीआरपीचा पुरावा तसा कमकुवतच आहे.

घ्यायचंच ठरलं, तर 15 ते 60 मिली रक्त काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, त्यातून 3-6 मिली प्लाझ्मा मिळतो. सुई सोनोग्राफीत बघूनच टोचायला सांगा. आधी आठवडाभर आणि नंतर दोनेक आठवडे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक बंद, कारण त्या गोळ्या प्लेटलेट्सचं कामच रोखतात, पॅरासिटामोल चालतं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनाने थांबवू नका. पहिले दोन-तीन दिवस दुखणं वाढतं, पण ताप आला किंवा लाली पसरली तर लगेच डॉक्टर गाठा. डोपिंगची चिंता नको, 2011 पासून पीआरपी वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत नाही.